कापडी पताकांचं किट मागवलं होतं त्याचा रिव्ह्यू (आणि पट्टीबद्दल बरंच काही)

आधी निकाल सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. किट ५ पैकी ३. कापड चांगलं, कटिंग चांगलं, पण पताका जिच्यात शिवून माळ होते ती पट्टी चुकीची. आणि पताकांच्या माळेत पट्टी चुकली की बाकी कितीही सुंदर असलं तरी माळ भिंतीवर नीट बसत नाही, म्हणून दोन स्टार तिथेच गेले.

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण अशी किट आता बरेच जण ऑनलाइन विकतात आणि बहुतेकांत सामान थोड्याफार फरकाने हेच असतं. कॉटनचे कापलेले त्रिकोण, वर लावायची पट्टी, एक रीळ, एक कागदी साचा आणि सूचनांचा कागद. मला ५४९ रुपयांना पडलं, त्यात २४ त्रिकोण म्हणजे दोन्ही बाजूंनी कापड असलेल्या १२ पताका होतात आणि दोन पताकांत दोन इंच जागा सोडली तर साधारण साडेआठ फुटांची माळ. आपल्याकडच्या हॉलची एक भिंत पण पूर्ण भरत नाही त्यात, हे मागवताना लक्षात घ्या, फोटोत माळ भली मोठी दिसते.

आता कापडीच का, बाजारात चमकीच्या माळा वीस-तीस रुपयांना मिळतात की, असं आमच्याकडेही विचारलं गेलं. मला त्या माळा विसर्जनानंतर कचऱ्याच्या ढिगावर बघवत नाहीत, खरंच बघवत नाहीत. आपल्याकडे राज्यात २०१८ साली प्लास्टिक-थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून मखरं बदलली, पुठ्ठ्याची आली कापडाची आली, लोकांनी मनावर घेतलं. १ जुलै २०२२ पासून देशभर जी एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर बंदी आली त्या यादीत प्लास्टिकचे झेंडे आणि सजावटीचं थर्माकोल दोन्ही आहे. पण चमकीच्या माळा अजून सुखेनैव लटकतात. कापडाची माळ एकदा शिवली की धुवायची, इस्त्री करायची आणि गणपतीला लावायची, मग नवरात्रात, मग दिवाळीत, मग घरात कुणाचा वाढदिवस असेल तेव्हा. त्यामुळे या विषयात मला अगदी मनापासून रस आहे आणि किट चांगलं निघावं अशी खूप इच्छा होती हे आधीच सांगून टाकते.

कापडाबद्दल. साधं केम्ब्रिकसारखं कॉटन आहे, फार जाड नाही फार विरळ नाही, हाताला छान लागतं. चार प्रिंट होते, पिवळ्यावर बारीक ठिपके, लालवर पांढरी नक्षी, एक पांढरा प्लेन आणि एक हिरवा ज्यात हत्ती आहेत. कटिंगला मी पूर्ण मार्क देईन कारण त्यांनी त्रिकोणाची मधली रेघ, म्हणजे वरच्या बाजूच्या मध्यापासून खालच्या टोकापर्यंत, कापडाच्या उभ्या धाग्यावर ठेवलीये. हे दिसायला बारीक वाटतं पण फरक खूप पडतो, धागा तिरका गेला की पताका लटकवल्यावर पीळ मारते, एका बाजूला मान टाकते. इथे सगळ्या सरळ पडतात. आणि हत्तीसुद्धा सगळे सरळ उभे आहेत! ज्यांनी कधी पन्ह्यावर, म्हणजे कापडाच्या रुंदीवर, त्रिकोण मांडलेत त्यांना याचं कौतुक कळेल, कारण कापड वाचवायला आपण एक त्रिकोण सुलटा एक उलटा असे एकमेकांत बसवून कापतो आणि मग अर्धे हत्ती पाय वर करून येतात. यांनी कापड वाया घालवलं पण हत्ती सरळ ठेवले.

त्रिकोण ७ इंच रुंद आणि ८ इंच उंच, टिपेबाहेर सोडायचं मार्जिन पाव इंच. पाव इंच कॉटनला पुरतं.

शिवायला बसलात तर काही गोष्टी सांगते ज्या त्यांच्या कागदावर नाहीत. पहिलं म्हणजे शिवण्याआधी धुवून घ्या असं एका ओळीत कुठेही लिहिलेलं नाही आणि ही मोठी चूक आहे. कोरं कॉटन पहिल्या धुण्यात आटतं, मीटरमागे इंच-दीड इंच सहज जातं, आणि शिवल्यानंतर आटलं तर पट्टी एक म्हणते कापड दुसरंच, सगळीकडे सुरकुत्या. कापलेले त्रिकोण मशीनमध्ये धुवायचे नाहीत, कडांचे धागे सुटतील. कोमट पाण्याच्या पातेल्यात रंग वेगवेगळे करून भिजवायचे, न पिळता टॉवेलवर पसरायचे आणि ओलसर असतानाच इस्त्री फिरवायची, इस्त्री सरकवत नाही, दाबत दाबत, कारण त्रिकोणाच्या दोन्ही तिरक्या कडा ओढल्या की लांबतात. याच वेळी लक्षात आलं की लाल रंग जातोय. पाणी गुलाबी झालं. पांढरा प्लेन त्रिकोण जर त्याच पताकेच्या मागे असता आणि नंतर कधी धुतलं असतं तर पांढरा कायमचा गुलाबीच झाला असता. दोन-तीनदा पाणी बदलल्यावर लाल शांत झाला. किट बनवणाऱ्यांनी लालसोबत पांढरा द्यायचाच असेल तर लाल आधी धुवून द्यावा, पन्नास रुपये जास्त घ्या पण धुवून द्या.

मशीनला १४ नंबरची सुई बास. माझं मशीन साधं उषाचं आहे, त्यावर काही त्रास झाला नाही. दोन त्रिकोणांच्या सुलट बाजू आत घ्यायच्या, दोन तिरक्या बाजूंना टीप मारायची, वरची बाजू उघडी. टाक्याची लांबी अडीचवर ठेवा आणि टोकापाशी यायला इंचभर उरला की दीडवर आणा. टोकावर थेट वळायचं नाही, एक टाका आडवा घ्यायचा आणि मग दुसऱ्या बाजूला वळायचं. वाचायला उलटं वाटेल, टोक बोथट होईल असं वाटतं, पण होतं नेमकं विरुद्ध, त्या एका आडव्या टाक्यामुळे आतल्या कापडाला बसायला जागा मिळते आणि सुलटं केल्यावर टोक छान अणकुचीदार येतं. मग टोकाचं जादा कापड टिपेच्या अगदी जवळून छाटायचं आणि दोन्ही बाजूंनीही थोडं तिरकं छाटायचं. सुलटं करून टोक बाहेर काढायला विणायची जाड सुई घ्या, कात्रीचं टोक घालू नका, भोक पडतं. मग इस्त्री. इस्त्री केल्याशिवाय पुढे जाऊ नका, खरं सांगते, घरच्या शिवणकामात आणि दुकानातल्या मालात जो फरक दिसतो त्यातला अर्धा इस्त्रीचा असतो.

किटमध्ये एक चिकटणारं अस्तर पण दिलंय, इस्त्रीने कापडाला चिकटतं ते, कॉलरमध्ये घालतात त्या बुकरमसारखं पण पातळ. माझं मत असं की दोन थर कापड असेल तर त्याची काहीच गरज नाही. चिकटवलेली एक आणि न चिकटवलेली एक अशा शेजारी शेजारी लावून बघितल्या. चिकटवलेली पुठ्ठ्यासारखी ताठ राहते आणि पंखा लावला की हलतच नाही, पताका हलायला नको का?

आता पट्टी. इथे मला जास्त बोलायचंय.

त्यांनी सॅटिनची उरेब पट्टी दिलीये, म्हणजे तिरकी कापलेली, ब्लाऊजच्या गळ्याला पायपिंगला वापरतात ती. दिसायला फारच सुंदर, सोनेरी चमकदार. पण उरेब पट्टीचा गुणच मुळात ताणला जाणं हा आहे, म्हणून तर ती गळ्याच्या गोलाईवर बसते. पताकांच्या माळेत गोलाई कुठे आहे? सरळ रेघ आहे, आणि त्या सरळ रेघेवर बारा पताकांचं वजन लोंबकळतंय. पहिल्या दिवशी माळ सुरेख दिसली. आठवडा झाला आणि मधे झोळ पडला, परत ताणून बांधली की पट्टी अजून लांबली आणि दोन पताकांमधली दोन इंचाची जागा कुठे अडीच कुठे तीन झाली. शिवाय सॅटिन मशीनच्या पावलाखाली सरकतं, खालचा थर पुढे जातो वरचा मागे राहतो, आणि सगळीकडे तिरप्या चुण्या येतात. नव्या शिकणाऱ्या मुलीला किंवा मुलाला हे दिलं तर त्यांना वाटेल आपल्यालाच शिवता येत नाही. त्यांचा काही दोष नाही, पट्टीच या कामाची नाही!

याला लागते ती कॉटनची सरळ विणलेली पट्टी, एक इंच रुंद, टेलरिंग मटेरियलच्या दुकानात मीटरवर मिळते, नुसतं ‘कॉटन टेप’ म्हटलं तरी देतात. ती लांबत नाही. मधोमध घडी घालून इस्त्री मारायची म्हणजे अर्ध्या इंचाची होते, त्या घडीत पताकेची उघडी बाजू बसवायची आणि खालच्या काठाजवळून एक लांब टीप, तीनवर ठेवून. ही पण आधी पाण्यात बुचकळून घ्या, ती सुद्धा आटते. मी किटमधली पट्टी शेवटी उसवून काढली आणि ही लावली. तीच बारा पताका, तीच भिंत, आणि आता माळ दोरीसारखी सरळ.

पताका पट्टीला लावताना पट्टीचा मध्य शोधून तिथे खूण करा, पताका बारासारख्या सम संख्येत असतील तर खुणेच्या दोन्ही बाजूंना एकेक इंच सोडून पहिल्या दोन पताका लावा, मग दोन्हीकडे सरकत जा. एका टोकापासून सुरुवात केली की शेवटी एका बाजूला बांधायला हातभर पट्टी उरते आणि दुसऱ्या बाजूला टीचभर. टाचण्यांपेक्षा क्लिपा बऱ्या, घडीत चार-चार थर असतात तिथे टाचणी वाकते. शिवणाचे क्लिप नसतील तर लहान मुलांचे कपडे वाळत घालायचे छोटे चिमटे चालतात. आणि जिथे पताका सुरू होते तिथे जाडी एकदम वाढते, तिथे मशीनला हाताने चाक फिरवून दोन टाके घ्या, सुई मोडत नाही.

सूचनांचा कागद फक्त इंग्रजीत आहे आणि अक्षरं मुंगीएवढी. आमच्या शेजारच्या काकू पन्नास वर्षं शिवतायत, ब्लाऊज, परकर, झबली, दुपटी सगळं, त्यांनी कागद चष्मा लावून उलटसुलट बघितला आणि मला परत दिला. मराठीत अर्धं पान टाकायला काय खर्च येतो? महाराष्ट्रात गणपतीच्या आधी हीच किट सगळ्यात जास्त खपत असणार. एवढं तरी करावं असं मला फार वाटतं.

आता खरा प्रश्न, किट घ्यावं की स्वतः सामान आणावं. पुण्यात असाल तर माझं उत्तर सरळ आहे, मंडई मेट्रो स्टेशनला उतरा आणि चालत जा. तुळशीबागेत लेस आणि पट्ट्या, आणि पुढे रविवार पेठेत कापड आणि शिवणाचं सगळं सामान. गाडी नेऊ नका, तिथे पार्किंग शोधण्यात जीव जातो. सकाळी दुकानं उघडता उघडता गेलात तर दुकानदार निवांत ताग्यामागून तागा काढून दाखवतात, संध्याकाळी आणि त्यातून गणपतीच्या आधीच्या आठवड्यात गेलात तर बोलायलाही फुरसत नसते आणि ते समजण्यासारखं आहे. मुंबईकरांना मंगलदास मार्केट आहेच, रविवारी बंद असतं तेवढं लक्षात ठेवा.

हिशोब असा. ४४ इंची पन्ह्यात, ७ बाय ८ चे त्रिकोण उलटसुलट बसवले तर एका आडव्या पट्ट्यात ११ त्रिकोण येतात. अर्ध्या मीटरमध्ये ८ इंचाचे दोन पट्टे निघतात आणि वर थोडं उरतं, म्हणजे २२ त्रिकोण. एका प्रिंटचं अर्धा मीटर पुढच्या बाजूला, दुसऱ्याचं अर्धा मीटर मागच्या बाजूला, झाल्या २२ पताका आणि साडेपंधरा फुटांची माळ, वर बांधायला दोन्हीकडे फूटभर धरून साडेपाच मीटर पट्टी घ्या. मला हे सगळं पट्टी आणि रिळासकट दोनशेच्या आत पडलं, म्हणजे किटच्या निम्म्याहून कमी पैशात जवळपास दुप्पट माळ. पण हत्ती-मोरवालं कापड घेतलंत, म्हणजे ज्याला वर आणि खाली आहे असं, तर उलटसुलट बसवता येत नाही आणि एका पट्ट्यात सहाच त्रिकोण येतात, कापड जवळजवळ दुप्पट लागेल. म्हणून ठिपके, फुलं, चौकडा असं कुठूनही सारखं दिसणारं प्रिंट घ्या, किंवा हत्ती फक्त पुढे आणि मागे प्लेन.

दुकानातून आणायच्या आधी घरात पण बघा. जुन्या कॉटनच्या साड्या, नवऱ्याचे कॉलर विरलेले शर्ट, ब्लाऊजच्या कतरणी. वापरलेलं कॉटन आधीच आटलेलं असतं, रंगही जायचा तेवढा गेलेला असतो, त्यामुळे ते पताकांसाठी नव्यापेक्षाही सोपं. आजीच्या साडीच्या पताका गौरीच्या मागे लावल्या की तिथे आणखी काही सजावट लागतच नाही.

आणि खण! खणाच्या पताकांची सध्या सगळीकडे चलती आहे आणि मला ती मनापासून आवडते. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण मुळात विकायलाच त्रिकोणी घडी घालून ठेवतात, त्यामुळे पताकेच्या आकारात तो फार सहज शोभतो, काठ वर घेतला तर पट्टीखाली आपोआप किनार येते. पण खणाचे धागे फार सुटतात. पाव इंच मार्जिन अजिबात चालणार नाही, अर्धा इंच ठेवा आणि कडा आधी झिगझॅग करून घ्या. आणि हल्ली खणाच्या नावाने सिंथेटिक धाग्याचं कापड खूप येतं, इस्त्री आधी तुकड्यावर फिरवून बघा, कडक इस्त्रीने ते आक्रसतं. मागे मऊ कॉटनचं अस्तर लावा, दोन्हीकडे खण लावला तर टोक नीट निघत नाही, फार जाड होतं.

याच विक्रेत्याकडे १५ ऑगस्टसाठी तिरंगी किट पण दिसलं. ते घेणाऱ्यांनी एक बघा, केशरी, पांढरे, हिरवे वेगवेगळे त्रिकोण असतील तर छान, पण प्रत्येक पताकेवर अख्खा राष्ट्रध्वज अशोकचक्रासकट छापलेला असेल तर ते घेऊ नका. २००२ च्या ध्वजसंहितेत स्पष्ट लिहिलंय की राष्ट्रध्वजाचा पताका-तोरणांसारखा सजावटीला वापर करायचा नाही.

मग किट कुणी घ्यावं? ज्यांच्या गावात असं दुकानच नाही त्यांनी. परदेशात जे आपले लोक आहेत, ज्यांना भारतातून कुणीतरी येताना हलकंसं काही घेऊन येणार आहे, त्यांच्यासाठी पण चांगलं, चपटं पाकीट आहे, बॅगेत कुठेही बसतं. आणि मुलांना मशीन शिकवायचं असेल तर फार छान सुरुवात आहे, सगळ्या सरळ टिपा, एक पताका वाकडी आली तर पुढची आहेच. फक्त पट्टी बदलून द्या त्यांना.

दाराबाहेर किंवा बाल्कनीत लावणार असाल तर भाद्रपदातला पाऊस लक्षात घ्या. कॉटन भिजून तसंच राहिलं तर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते निघत नाहीत, भिजली की उतरवून आत पंख्याखाली वाळवा. समई आणि निरांजनापासून हातभर लांबच. उतरवल्यावर धुवून पूर्ण वाळवा, खळ घालून ठेवू नका, खळीला किडे लागतात. वापरायच्या आधी घालायची असेल तर घाला. आणि घड्या घालू नका, पुठ्ठ्याच्या नळीला पताका एकावर एक येतील अशी माळ गुंडाळा आणि जुन्या उशीच्या अभ्र्यात ठेवा, पुढच्या वेळी एकच हात इस्त्रीचा फिरवला की लावायला तयार.

विक्रेत्याला मी पट्टीबद्दल सविस्तर लिहिलंय, कॉटन टेपचा फोटोही पाठवलाय. बदलली तर इथे येऊन पाच स्टार करीन.